सशाने बांधलेला पाय

त्या दिवशी ऊन असं तापलं होतं की माळावरचे दगडही चटके देत होते. जनावरं बोलायची, त्या काळातली ही गोष्ट. रानडुकराने पाय मोडलेला शिकारी कुत्रा करवंदीच्या जाळीत कण्हत पडला होता. मालक त्याला तिथेच टाकून गेला होता. म्हाताऱ्या सशाने कामट्या लावून वेलीने पाय बांधायला घेतला.

"बरा झालो की तुम्हाला धरणार नाही, आजोबा," कुत्रा म्हणाला.

"आणि माझ्या नातवंडांना?"

"ते मालक सांगेल तसं."

"टाकून गेला तोच ना मालक?" सशाने दातओठ खाऊन वेल करकचून आवळली. कुत्रा केकाटला.

शेजारचं साळिंदर बिळातून बाहेर आलं. "राग खरा आहे तुझा, ससोबा, पण गाठ सैल कर. एवढी आवळलीस तर पाय सडेल, आणि मग ही शिकार तू केलेली ठरेल."