ढेपेची पुढची बाजू

एका गडाच्या पायथ्याशी एक पेठ होती, आणि त्या पेठेत एक गुळाचा व्यापारी. पेठेचा एक रिवाज होता. कुणी गडावर कैदेत गेला, की त्याच्या मुलाला एखाद्या दुकानदाराने हाताशी धरायचं आणि धंदा शिकवायचा.

त्या वर्षी बांगड्या विकणारा मणियार कैदेत गेला. अख्ख्या पेठेत मणियारांचं ते एकच घर, त्यामुळे त्याच्या मुलीला, शहानूरला, हाताशी धरायला कुणी लवकर पुढे येईना. शेवटी गुळाचा व्यापारीच म्हणाला, "येऊ दे माझ्याकडे."

पोरगी हुशार निघाली. ढेप फोडून वास घ्यायचा, खडा बोटांत चुरडायचा, पाण्यात टाकून गाळ बघायचा, सगळं भराभर शिकली. पण बाजाराच्या दिवशी हमखास गायब! नेमकं शिकण्यासारखं असतं त्याच दिवशी.

व्यापारी अगदी वैतागला. "शिकवायचं मी, वाट बघायची मी, आणि नखरे हिचे! कुणी सांगितला होता हा उपद्व्याप?"

"तुम्हीच पुढे झाला होतात," शेटाणी आतून म्हणाली. "आता ओरडू नका, गूळ वितळेल."

तिसऱ्या बाजाराला मात्र त्याने दुकान तसंच टाकलं आणि तणतणत मणियाराचं घर गाठलं. शहानूर उंबऱ्यावर बसली होती.

"शेटजी, मी आता येणारच नाही," ती म्हणाली.

"का? काय कमी केलं मी तुला?"

"बाजाराच्या दिवशी गिऱ्हाईक आलं की माझी ओळख काय करून देता?"

"खरं तेच सांगतो! हिचा बाप गडावर कैदेत आहे, तरी मी हिला जवळ केलं. खोटं आहे का त्यात?"

"खोटं नाही. पण शेटजी, गिऱ्हाइकापुढे ढेप ठेवताना तुम्ही कुठली बाजू पुढे करता?"

"हा काय प्रश्न झाला? पिवळीधमक बाजू! कुठे काळा डाग असला तर विचारल्यावर सांगतो, लपवत नाही. पण आधी डागच पुढे करून कुणी दुकान मांडतं का?"

बोलता बोलता आपलंच वाक्य व्यापाऱ्याच्या ध्यानात आलं.

"आणि हा डाग तर माझा नव्हेच," शहानूर हळूच म्हणाली.

व्यापाऱ्याने पागोटं काढून डोकं खाजवलं. "पुढच्या बाजाराला ये," एवढंच बोलून तो परतला.

पुढच्या बाजाराला ती आली. एका बड्या गिऱ्हाइकाने विचारलं, "ही कोण हो?" जुनं वाक्य व्यापाऱ्याच्या अगदी ओठांवर आलं. शेटाणी दारातून बघत होती. त्याने ते वाक्य गिळलं.

"ही शहानूर. गूळ पारखते. तिलाच विचारा."

गिऱ्हाइकाने एक ढेप उचलली. शहानूरने खडा चुरडला आणि म्हणाली, "ही नको. हिला ओल लागलीय."

"अगं, माझ्याच दुकानात बसून!" व्यापाऱ्याने कपाळावर हात मारला.

"तुम्हीच शिकवलंत, शेटजी."

गिऱ्हाईक खदखदून हसलं. "मग बाकीचा सगळा माल हिच्या हातानेच निवडून द्या!"

त्यानंतर बाजाराच्या दिवशी व्यापारी दुकान उघडायला यायचा, तेव्हा शहानूर बाहेरच्या फळीवर आधीच येऊन बसलेली असायची. "उशीर झाला, शेटजी," म्हणायची. तो पुन्हा वैतागायचा, पण वेगळ्या सुरात.

तात्पर्य: मुलाला हात द्यायचा तर आपल्या उपकाराची दवंडी पिटू नये, त्याची ओळख त्याच्या गुणांनी करून द्यावी, बापाच्या कैदेने नव्हे.