पालथं टोपलं

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. राजाला नाव होतं, पण ते लक्षात ठेवावं असं त्याने काही केलं नाही. राज्यालाही नाव होतं, पण ते सांगणारी माणसं आता उरली नाहीत. तेव्हा लहानांनी नावं विचारू नयेत आणि मोठ्यांनी गोष्टीत कुणी ओळखीचं शोधू नये. शोधलंतच, तर तुमचं तुम्ही बघा.

त्या राज्यात एक पागी होता. पागी म्हणजे माग काढणारा. चोर कुठून आला, कुठे गेला, त्याच्या डोक्यावर ओझं होतं की रिकामाच पळाला, हे तो मातीवरच्या पावलांवरून सांगत असे. त्याचं वय झालं होतं, गुडघे कुरकुरत होते, पण नजर अजून सुईत दोरा ओवणारी होती. त्याला एकच लेक, सगुणा. ती नदीपलीकडच्या राज्यात दिली होती. जावई तिथल्या घाटावर होडी चालवायचा. राज्यं दोन असली तरी नदी एकच होती, आणि जावयाची होडी दोन्हीकडच्या माणसांना सारखीच नेत-आणत होती.

आता त्या राज्याची एक रीत ऐका, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. चोरी झाली की पागी येऊन पहिला स्वच्छ ठसा शोधायचा आणि त्यावर टोपलं पालथं घालायचा. वारा, कोंबड्या आणि उत्साही माणसं, तिघांपासूनही ठसा वाचावा म्हणून. मग तो माग काढायला निघायचा. टोपलं पालथं आहे तोवर कुणावर बोट ठेवायचं नाही, कुणाला शिक्षा करायची नाही. हे बंधन राजालाही होतं. माग शेवटापर्यंत चालून झाला की पागीने परत यायचं, आपल्या हाताने टोपलं उचलायचं आणि चोराचं नाव सांगायचं. आणि माग पाण्यात शिरला तर? तर दोन्ही काठांनी, प्रवाहाच्या वर आणि खाली, पूर्ण एकेक दिवस चालायचं. पाण्यात शिरलेलं कुठेतरी बाहेर पडतंच, आणि ते कुठे पडलं हे बघितल्याशिवाय पागीने तोंड उघडायचं नाही.

नदीकाठी राजवाड्याचं गाव होतं, आणि त्या गावात देवीला सोडलेला एक पांढरा वळू होता. गळ्यात पितळेची घंटा. त्याला कुणी बांधत नसे, कुणी हाकत नसे. त्याने कुणाच्याही शेतात शिरावं आणि शेतकऱ्याने हात जोडावेत, असा त्याचा थाट. एके सकाळी घंटा ऐकू आली नाही. दुपारपर्यंत सगळ्यांच्या जिवाला घोर लागला. संध्याकाळी कुणीतरी ओरडलं, "नदीकडे खुरांचे ठसे आहेत, आणि शेजारी माणसाची पावलं!"

झालं. मग काय विचारता. नदीपलीकडे दुसरं राज्य, म्हणजे वळू त्यांनीच नेला, हे चुलीपुढे बसलेल्या म्हातारीपासून पारावरच्या रिकामटेकड्यांपर्यंत सगळ्यांना एका घटकेत कळलं. पागीला बोलावणं धाडायच्या आधीच तलवारींना धार लागली.

पागी दुसऱ्या दिवशी उजाडताच आला. रात्रभर आभाळ भरून होतं, त्यामुळे नवं दव पडलं नव्हतं. नदीच्या काठाला ओलसर माती होती. तिथे खूर आणि पाऊल शेजारी शेजारी उमटले होते. तो उकिडवा बसला आणि बराच वेळ बघत राहिला. माणसाच्या पावलात बारीक बारीक खळगे पडले होते, दवाचे थेंब पडल्यावर पडतात तसे. खुराच्या ठशात एकही खळगा नव्हता. म्हणजे वळू नाहीसा झाला त्या रात्री माणूस दव पडण्याआधी येऊन गेला होता आणि वळू दव पडून गेल्यावर आला होता. दोघं बरोबर चाललेच नव्हते, असंही असू शकेल.

असू शकेल. पण ठशांची स्वच्छ जोडी ही एकच होती, बाकीचे ठसे लोकांनी तुडवले होते. पागीने त्यावर टोपलं पालथं घातलं आणि काठी उचलली. आता चार दिवस चालायचं होतं.

इतक्यात राजा घोड्यावरून आला. मागे प्रधान, मागे शिपाई, आणि त्यांच्या मागे सगळा गाव.

"पागीबुवा, माग कुठे गेला?"

"पाण्यात शिरलाय, महाराज. दोन्ही काठ चालून येतो. चार दिवस द्या."

"चार दिवसांत ते वळूला कुठल्या कुठे नेतील. मला एवढंच सांगा, तो पलीकडे गेला की नाही?"

"बहुतेक गेला असेल. पण बघितल्याशिवाय..."

तो 'बहुतेक' कुणी ऐकलाच नाही. राजाची नजर पलीकडच्या हिरव्यागार कुरणावर खिळली होती. ती आज पहिल्यांदा तिथे गेली नव्हती. गेली तीन वर्षं तो गच्चीवर उभा राहून त्या कुरणाकडे बघत होता, हे राजवाड्यातल्या झाडूवालीलासुद्धा माहीत होतं. पण टोपलं पालथं होतं, आणि पालथ्या टोपल्यावरून सैन्य नेण्याची हिंमत राजाला नव्हती.

प्रधान मात्र हुशार माणूस. तो गावाकडे तोंड करून हसत म्हणाला, "पागीबुवांचंही बरोबरच आहे म्हणा. लेक पलीकडे नांदते. टोपलं जड लागणारच."

गर्दीत कुणीतरी खुसखुसलं. मग दुसरं कुणीतरी.

पागीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चाळीस वर्षं त्याने माग काढले होते. सख्ख्या मेहुण्याचा माग काढून त्याला चावडीवर उभं केलं होतं. आज गावासमोर त्याच्या इमानावर हसणं चाललं होतं. दव, खळगे, चार दिवसांची चाल, सगळं त्याला ठाऊक होतं, आणि तरीही त्या क्षणी त्याला एकच गोष्ट हवी होती: ते हसणं थांबावं.

तो वाकला आणि त्याने टोपलं उचललं.

"पलीकडे गेला," तो म्हणाला.

ढोल वाजले. लोकांनी पागीला खांद्यावर घेतलं. कुणी म्हणालं, असा माणूस हवा, लेकीचीही भीड ठेवली नाही. त्या गडबडीत कुणाचातरी पाय ठशावर पडला आणि ठसा मोडला.

लढाईचं वर्णन मी करणार नाही. ज्यांना आवडतं त्यांनी ते दुसरीकडे ऐकावं. दहा दिवस नदीपलीकडे धूर दिसत होता, एवढं सांगतो. अकराव्या दिवशी सैन्य परत आलं. कुरण जिंकलं होतं. गोठा न् गोठा धुंडाळला होता, पण वळू मिळाला नव्हता. गेलेल्यांपैकी बरेच परतले नव्हते. त्यांच्या घरच्यांनी वेशीवर उभं राहून शेवटचा माणूस आत येईपर्यंत वाट बघितली.

एक ओळखीचा शिपाई पागीजवळ येऊन घुटमळला.

"पागीबुवा, घाटावरचा नावाडी... तुमचा जावई ना?"

"हो."

"तो लढत नव्हता. बायकापोरांना होडीतून खालच्या अंगाला नेत होता. आमच्यातल्याच कुणाचातरी बाण लागला. लेक सुखरूप आहे तुमची."

पागी घरी गेला, कोपऱ्यातली काठी घेतली आणि जिथून चालायचं राहिलं होतं तिथून चालू लागला. पाऊस पडला नव्हता. काठची माती वाळून खापरासारखी झाली होती आणि तिच्यात जे उमटलं होतं ते तसंच्या तसं होतं.

त्याला चार दिवस लागले नाहीत. पुरता एक दिवसही लागला नाही. प्रवाहाच्या खाली अर्ध्या कोसावर, आपल्याच काठाला, लव्हाळ्यांच्या मागे खुरांचे ठसे पाण्यातून बाहेर आले होते. शेजारी माणसाचं पाऊल नव्हतं. ठसे कोवळं गवत हुंगत हुंगत एका घळीपाशी गेले होते. घळीची कड ढासळली होती. खाली गिधाडांनी साफ केलेली हाडं पडली होती, आणि त्यांत पितळेची घंटा.

पागी तिथे खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

मग घंटा आणि टोपलं घेऊन तो दरबारात गेला. त्याने सगळं सांगितलं. दवाचंही सांगितलं. राजा घंटेवरून बोट फिरवत राहिला.

प्रधान म्हणाला, "तसेही ते लोक माजलेच होते. आज ना उद्या त्यांनी काहीतरी आगळीक केलीच असती. आणि आता आपल्या गुरांना चारा किती झाला, ते बघा की."

"मग त्या दिवशी कुरण हवंय असंच सांगायचं होतं, प्रधानजी," पागी म्हणाला. "कुरणासाठी पोरं द्यायची की नाही, याचा लोकांनी घरी बसून विचार तरी केला असता. देवीच्या वळूसाठी म्हटल्यावर कोण विचार करतो?"

राजाने मान वर केली. "पागीबुवा, टोपलं तुम्ही उचललंत."

"हो महाराज. मीच उचललं. तुम्हाला ते हवं होतं, पण हात माझा होता. हेच सांगायला आलो."

टोपलं राजाच्या पायाशी ठेवून तो निघाला आणि नदी ओलांडून लेकीच्या घरी गेला. घर म्हणजे तीन भिंती उरल्या होत्या. सगुणा अंगणात बसून होडीच्या फटींत चिंध्या कोंबत होती. बापाला पाहून ती उठली नाही आणि रडलीही नाही. लहानपणी ती त्याच्याबरोबर रानोमाळ हिंडली होती. माग कसा वाचायचा हे तिला बापाच्या गावातल्या कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं.

"आबा, ठशावर दव पडलं होतं?"

पागीला वाटलं, खोटं बोलावं. पण एवढं सगळं झाल्यावर आणखी खोटं बोलायला जीभ वळेना.

"माणसाच्या पावलावर पडलं होतं. खुरावर नव्हतं."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"शंका होती, बाळ."

"शंका असली की टोपलं पालथंच ठेवायचं. मी आठ वर्षांची असताना तुम्हीच शिकवलंत."

"लोक म्हणाले असते, लेकीपायी थांबला."

सगुणाचे हात थांबले. "म्हणू द्यायचं होतं, आबा. मी तुमची लेक होतेच की."

पागी तिच्याजवळ बसला आणि दुसरी फट बुजवू लागला. तिने त्याला जा म्हटलं नाही, राहा असंही म्हटलं नाही. तो राहिला.

पुढे कितीतरी वर्षं त्या घाटावर एक म्हातारा जावयाची होडी चालवत होता. अलीकडचे लोक पलीकडे जात, पलीकडचे अलीकडे येत, आणि त्याच्याशी फारसं कुणी बोलत नसे. सगुणा त्याला दोन वेळचं जेवण वाढायची, थंडीत घोंगडी द्यायची, पण त्या होडीत ती पुन्हा कधी बसली नाही. नदी ओलांडायची वेळ आली तर ती दोन कोस वर जाऊन, जिथे पाणी गुडघाभर होतं त्या उतारातून पायी जायची.

आणि जिंकलेलं कुरण? तिथे गुरं न्यायला गुराखी तयार होईनात. घराघरातल्या आया म्हणू लागल्या, ज्या गवतासाठी आमची पोरं गेली त्याचं दूध आम्हाला नको. गवत कमरेएवढं वाढायचं, वाळायचं आणि उन्हाळ्यात पेटून जायचं. राजा गच्चीवरून तिकडे बघायचा थांबला. ते टोपलं त्याने पुष्कळदा नवा पागी नेमून त्याच्या हाती द्यायचा प्रयत्न केला, पण ते हातात घ्यायला कुणी पुढे आलं नाही.

बोध एवढाच: मनात शंका असताना पुकारलेलं युद्ध जिंकलं तरी न्यायाचं होत नाही, आणि ती शंका ठाऊक असून जो गप्प राहिला, त्यानेही त्या युद्धात शस्त्र चालवलेलंच असतं.