तांब्यातली लढाई

एका राज्यात अशी रीत होती की नदीची ओटी भरल्याशिवाय कोणी तिच्यात पाय भिजवू नये. पण पैलतीरी शत्रू दिसला आणि राजा म्हणाला, “ओटी परतताना भरू.” पलीकडचा राजाही तेच म्हणाला. फौजा पाण्यात भिडल्या, तशी नदी कोपली. घोडे, नावा, माणसे सारे नाहीसे झाले. वाळूवर तांब्याचा एक पत्रा उरला, त्यावर ती लढाई कोरलेली.

शिलेदार मानाजीची बायको केतकी तो पत्रा रोज चिंचेने घाशी. त्यात मानाजी कमरेइतक्या पाण्यात ढाल उचलून उभा होता. पागोट्याचा पदर सुटलेला. निघताना ती म्हणाली होती, “पदर खोचा.” तो हसला होता, “आल्यावर तूच खोच.” तिचे केस पिकले. तो तसाच राहिला.

एके सकाळी खंड्या पक्षी पत्र्यावर बसून बोलला, “बाई, रेघा झिजल्या. आणखी घासलेस तर नवरा पुसला जाईल. नदीची ओटी भर. तांदूळ वाळूत पिकलेला, नारळ मांत्रिकाच्या बागेतला, खण वैरिणीने आपखुशीने दिलेला.”

केतकीने ओंजळीने पाणी घालून वाळूत भात पिकवला. मांत्रिकाने नारळाचे मोल मागितले, “तुझा सर्वांत गोड दिवस.” तिने हळदीचा दिवस दिला. तो तिच्या मनातून गेला तो गेलाच.

मग पत्रा काखेत घेऊन, उगमाला वळसा घालून ती पैलतीरी शत्रूच्या शिलेदाराची बायको गोजरा हिच्या दारी गेली.

“माझा धनी तुझ्या धन्यावर भाला रोखून उभा, आणि खण मागतेस?”

“बघ, भाला अजून लागलेला नाही.”

गोजराने पत्रा निरखला. “मेल्याने शेला उलटाच बांधलाय अजून!” ती हसली, मग रडली, आणि लग्नातला खण काढून दिला.

दोघींनी मिळून पाण्यात ओटी सोडली. पत्रा कोरा झाला, नदी गजबजली. शिलेदार काठाकडे चालू लागले. प्रत्येक पावलाला त्यांचे हरवलेले वय त्यांच्या अंगावर चढत गेले. थकल्या हातांतून भाले गळून वाहून गेले. दोन्ही राजे वाळूवर आले आणि त्यांनी आधी नदीला हात जोडले.

पांढऱ्या मिशांचा मानाजी केतकीपुढे वाकला. “खोच आता.”

तिने पदर खोचला. “अहो, आपल्या हळदीचा दिवस कसा होता? मी तो देऊन बसले.”

मानाजी ओल्या वाळूवर बसला. “त्या दिवशी,” तो म्हणाला, “तू आधी माझ्या नाकालाच हळद लावलीस…”

नदी वाहत राहिली, आणि तो सांगत राहिला.