बलकातून आलेलं

"लशीचे थेंब मी स्वतः घातले होते, बाबा. मग पिल्लं मेली कशी?"

सव्वा महिन्याची चौदा पिल्लं मातीआड करून कासम हात धूत होता. या दर्ग्यात नवसाच्या कोंबड्या कापत नाहीत, मागच्या अंगणात सोडून देतात. त्या सांभाळणं कासमचं काम. नऊ वर्षं तो लतीफबाबांचा शिष्य होता, आणि आपण बरंच शिकलो हे त्याला कुणी सांगायची गरज नसे.

बाबा ज्वारी निवडत होते. "कधी घातलेस?"

"अंड्यातून निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी कधी सांगितलं होतं?"

"तीन आठवड्यांनी..." कासम अडखळला. "म्हटलं, उशीर कशाला करायचा."

"आणखी काय म्हणाल्या बाई?"

"या कोंबड्या मागच्या साली मानमोडीतून वाचल्या. त्या रोगाशी लढायची ताकद त्यांच्या अंगात आली. बलकातून ती पिल्लांत उतरते. थोडे दिवस पुरते, मग ओसरते."

"आणि ओसरायच्या आधी लस दिली तर?"

"आईची ताकद त्या लशीलाच मारून टाकते. पिल्लाची स्वतःची तयारच होत नाही."

"म्हणजे आईचंच आडवं आलं."

"हो."

बाबा पुन्हा ज्वारीकडे वळले...

कासमला खरं तर दुसरंच विचारायचं होतं. नदीपलीकडच्या गावात फकिराची गादी रिकामी झाली होती. वर्षभर त्याचा जीव तिच्यात अडकला होता.

"बाबा, त्या गादीवर मी बसू? लोकांनी काहीही विचारू दे. तुम्ही काय म्हणाला असता, ते मला तोंडपाठ आहे."

बाबांनी ज्वारी बाजूला सारली. पोटच्या पोरासारखी माया होती त्यांची त्याच्यावर. मग ते उठले, कासमची पथारी गुंडाळून त्याच्या खांद्यावर ठेवली आणि अंगणाचं फाटक उघडलं.

कासमचा चेहरा खुलला. "म्हणजे जाऊ गादीवर?"

"नाही. जिथे माझं नाव कुणाला ठाऊक नाही, तिथे जा."

"माझं काही चुकलं का?"

"नाही."

"मग किती दिवस, बाबा?"

"कुणीतरी काही विचारेल, आणि मी काय म्हणालो असतो ते तुला आठवणार नाही. त्या दिवशी गादीवर जाऊन बस."