टिटवी खरं ओरडली

फार मागं, वैशाख सरता सरता, एक तळं आटून डबक्याएवढं उरलं होतं. काठच्या नांगरलेल्या रानात टिटवीने ढेकळांमध्ये मातीच्याच रंगाची चार अंडी घातली होती. टिटव्यांची रीतच अशी, की अंडी एकीकडे ठेवायची आणि आरडाओरडा दुसरीकडे जाऊन करायचा. अंडी खायला आलेला आवाजामागे जातो आणि फसतो.

पण बांधावरचं मुंगूस आठ दिवस बाभळीखाली बसून पाखरंच निरखत होतं. नवव्या दिवशी ते म्हणालं, "टिटवीबाई, तुमची खोड कळली मला. तुम्ही ओरडाल तिथं अंडी नसणार. ओरडा आता!"

टिटवा कुजबुजला, "अगं, पलीकडे जा, नेहमीसारखी ओरड!"

"तसं केलं तर ते नेमकं इकडे येईल," ती म्हणाली.

मुंगूस बांध उतरलं. टिटवी उडाली ती थेट आपल्या अंड्यांपाशी उतरली आणि पंख पसरून जीव तोडून ओरडू लागली. मुंगूस दोन हातांवर येऊन थांबलं. मान वाकडी करून तिला न्याहाळू लागलं. टिटवी जागची हलली नाही.

"पुरे झाली नाटकं!" मुंगूस हसलं आणि पलीकडच्या गप्प रानात अंडी शोधायला निघून गेलं.

टिटवा धावत आला. "काय थाप मारलीस गं!"

"थाप कुठली?" टिटवी अंड्यांवर बसत म्हणाली. "जन्मात पहिल्यांदा खरं ओरडले. म्हणून तर त्याला पटलं नाही."