धीराचा खडा

त्या तळ्यातल्या मरळींचं नुसत्या पाण्यावर भागत नसे. घटकेघटकेला वर येऊन हवेचा घोट घ्यावा लागे. जी वर यायची थांबली ती संपली. आणि अधूनमधून एखादी थांबत असे. जखम नाही, काटा नाही, चांगली धडधाकट मरळ गाळात जाऊन बसायची आणि उठायची नाही.

अशा मरळीसाठी तळ्यात एक रीत होती, धीराच्या खड्याची. शेजारणी तोंडात एकेक खडा धरून यायच्या, तो तिच्या पाठीवर ठेवायच्या आणि चार शब्द सांगायच्या: मन घट्ट कर, पोरांकडे बघ, आमच्यावर काय कमी बेतलं? सांगून झालं की मोकळ्या होऊन घरी जायच्या. सांगायला काय जातं!

साळू गाळात बसली तेव्हा पहिला खडा तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीने, तानीने ठेवला. वाईट मनाने नव्हे हो. तिला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. आठवड्यात चाळीस खडे झाले. मग कुठे तानीला दिसलं की बहीण आणखीच खोल रुतली आहे. तेव्हापासून ती दर घटकेला खडे पाडी, साळूला डोक्याने रेटत वर नेई, घोट घ्यायला लावी आणि खाली आणी. तोवर नवे खडे घेऊन कुणीतरी उभंच असे.

"मला सोड," साळू एकदा म्हणाली. "माझ्यापायी तूही जाशील."

तानीला राग आला, आणि रागाहून जास्त भीती वाटली, कारण ती खरोखरच थकली होती.

तळ्याच्या मोरीत झटक्या राहत असे. त्या माशाला शिवलं की अंगातून लखकन कळ जाई. पोरांना त्याच्या नावाने भिववत. पणज्यांच्या काळी त्याच्या बापाने दुखणाइतांना जागेपणीच शेवाळात बांधून झटके दिले होते, एकीचा तर कणा मोडला होता. हे खोटं नव्हतं. पण तानीपुढे दुसरी वाट नव्हती.

झटक्याने काही लपवलं नाही. आता आधी गुंगीचा पाला देतो, दातांत लव्हाळ्याची मुळी धरायला देतो, अंग थरथरेल पण तिला कळायचं नाही, असं त्याने सांगितलं. मग म्हणाला, "थोडं विसरेल, बाई. आणि पुन्हा बसली तर पुन्हा आणावी लागेल."

एक दिवसाआड तीन झटके झाले. तिसऱ्यानंतर साळूने डोळे उघडले आणि कुणी न रेटता ती वर निघाली. तानी तिच्यामागे धावली. साळू पाण्यावर तोंड काढून घोटावर घोट घेत होती.

"भूक लागलीय गं," ती म्हणाली.

तानी ढसाढसा रडली. गेल्या उन्हाळ्यातली पिल्लं साळूला आठवत नव्हती. तानीने ती एकेक करून पुन्हा सांगितली.

साळू हिंडूफिरू लागली तशी पंचायत बसली. यश खड्यांचं, असं ठरलं. झटक्याचं म्हणाल तर कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. उलट एका आईच्या मनातली पिल्लं त्याने पुसली, हा केवढा गुन्हा! दुखणाइतांची दया येऊन पंचांनी मोरीचं तोंड दगडमातीने लिंपून टाकलं. तानी ओरडून सांगत राहिली. तिच्यावर कुणी रागावलं नाही. दमलीय बिचारी, एवढंच म्हणाले.

थंडी पडली आणि साळू पुन्हा गाळात बसली.

तानीने तिला रेटत मोरीपर्यंत आणलं. दगड हलेनात. तिने धडका दिल्या, तोंड फुटलं, दगड हलेनात. पलीकडून झटक्याने ओळखलं असावं, कारण भिंतीतून बारीक झिणझिणी आली. तानीने घाईघाईने बहिणीचं कपाळ दगडाला टेकवलं. साळूचा जबडा किंचित हलला. भिंतीपलीकडे तो जीव तोडून झटके देत होता आणि अलीकडे मुंगी चावावी एवढंही पोचत नव्हतं. तेवढ्यात घोटाची वेळ झाली. तानीने बहिणीला डोक्यावर घेतलं आणि ती वर निघाली. या खेपेला बळ सरून तिला अर्ध्यावरच थांबावं लागलं.