पाच बहिणी आणि एक पितळी पाटी

फार फार वर्षांपूर्वी एक राज्य होतं. तिथे मोटारी इतक्या नवलाईच्या होत्या, की गाडी बंद पडली तर लोक आधी नारळ फोडत आणि मग मिस्त्रीला बोलावत.

राजाच्या आजोबांनी समुद्रापलीकडून एकाच साच्याच्या पाच मोटारी आणवल्या होत्या. चार डोंगरातल्या चार खोऱ्यांना दिल्या, पाचवी राजधानीतल्या सरदारघराण्याला. खोऱ्यांतल्या गाड्या आजारी माणसं, अडलेल्या बाया आणि धान्याची पोती घेऊन घाट चढत-उतरत. सरदाराची गाडी बहुतेक वेळ मांडवात उभी राहून चकाकत असे.

पुढे त्या मोटारी करणारा कारखानाच बंद पडला आणि सुटे भाग येईनासे झाले. तेव्हा सरदाराकडच्या मिस्त्रीनं एक रीत घालून दिली. तो खोऱ्याखोऱ्यांत फिरला आणि म्हणाला, "या पाच सख्ख्या बहिणी समजा. एकीचं मोडलं तर दुसरीनं द्यायचं. मी भाग मागितला तर का, कशाला, विचारायचं नाही. मीही तुम्हाला विचारणार नाही."

लोकांनी ती रीत मनापासून पाळली. बाजारात भेटले की आधी पोराबाळांची आणि मग गाडीची खुशाली विचारत. सरदाराच्या गाडीला सगळे लाडानं धाकटी म्हणत. अशा रीतीनं तीस वर्षं पाचही गाड्या धडधडत राहिल्या.

एकदा राजानं सरदाराला निरोप धाडला. दसऱ्याला स्वतः राजाला आजोबांच्या त्या जुन्या मोटारीत बसून गडावर जायचं होतं. प्रवास सुखाचा झाला तर घाटाची जहागीर सरदाराला मिळणार होती.

सरदाराला हर्ष झाला. दसऱ्याला आठ दिवस राहिले असताना त्यानं रंगीत तालीम म्हणून गाडी बाहेर काढली, मिस्त्रीला न विचारताच. खड्ड्यात चाक आदळलं, ढिला झालेला बोल्ट निसटला आणि कार्बोरेटर खाली पडून मागच्या चाकाखाली सापडला. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मापात मिसळून इंजिनाला भरवणारा पितळेचा डबा. त्याची पार भाकरी झाली.

"दसऱ्याच्या आत दुसरा आण," सरदार ओरडला. भाग कुठून येतात याच्याशी त्याला कधी घेणंदेणंच नव्हतं.

मिस्त्री घाबरला नाही. चार बहिणी आहेत, काळजी कसली, असं म्हणत तो घोड्यावर बसला.

पहिल्या खोऱ्यात गाडी ठेवायच्या छपराखाली कोंबड्या बसलेल्या. मिस्त्री घोड्यावरून उतरला.

"गाडी कुठाय?"

"तुमच्याकडंच की!" तिथला माणूस म्हणाला. "सरदारांचा कारभारी आला होता. म्हणाला, धाकटी मरायला टेकलीय, मिस्त्रीनं भागांसाठी आख्खी गाडी मागितलीय. तुमचं नाव घेतल्यावर नाही कसं म्हणायचं?"

मिस्त्रीनं तर काहीच मागितलं नव्हतं. दुसऱ्या खोऱ्यात तेच, तिसऱ्यातही तेच. प्रत्येक ठिकाणी रिकामं छप्पर, आणि प्रत्येकाच्या तोंडी त्याचंच नाव.

चौथ्या खोऱ्यात म्हातारी पाटलीण दारात आली. तिनं त्याला पाणी दिलं.

"कार्बोरेटर मी स्वतः पुसून दिला होता बाबा. लागला का धाकटीला?"

मिस्त्रीनं पेला तोंडाला लावला.

"गाडी गेली त्याच महिन्यात सून अडली," पाटलीण म्हणाली. "डोलीतून न्यायला लागलं. घाट उतरायच्या आत गेली पोर. असो. निदान धाकटी तरी वाचली."

मिस्त्रीनं पेला खाली ठेवला. तो तसाच उठला आणि कारभाऱ्यानं गाड्या नेल्या कुठे हे विचारत विचारत दसऱ्याच्या आदल्या दिवशी एका ओताऱ्याच्या भट्टीपाशी पोहोचला.

"चार गाड्या ना? आल्या होत्या," ओतारी सहज म्हणाला. "लोखंड नांगरांच्या फाळांना गेलं. पितळाची ही पाटी ओतलीय. सरदारांची आहे, आता आलाच आहात तर घेऊन जा."

पाटी फडक्यात गुंडाळलेली होती. मिस्त्रीनं फडकं उलगडलं, पाटी वाचली आणि ती पुन्हा गुंडाळून तो घोड्यावर बसला.

दसऱ्याच्या सकाळी राजा सरदाराच्या अंगणात येऊन उभा होता. मिस्त्री धुळीनं माखून आत आला. सरदार धावला, त्याच्या हातातलं फडकं हिसकावून घेतलं आणि सोडलं. पाटीवर अक्षरं होती: राज्यातली एकमेव मोटार.

"ही नव्हे! कार्बोरेटर कुठाय?"

"तुमच्या हातात आहे सरकार. चारही आहेत."

सरदाराचा चेहरा पांढराफटक पडला. "मग... मग हे वितळव आणि नवा ओत!"

"डबा ओतता येईल. आतली केसाएवढी भोकं कुठं आणि किती पाडायची, ते बघायला एक तरी नमुना हवा ना. एक तुम्ही चाकाखाली चिरडलात. चार भट्टीत घातलेत." मिस्त्रीनं पाटीकडे बोट दाखवलं. "आणि ते माझं नाव सांगून."

राजानं एकेक गोष्ट विचारली, मिस्त्रीनं एकेक सांगितली. पाटलिणीच्या सुनेची गोष्ट आल्यावर राजानं पगडी काढून हातात घेतली. अंगणातली तुतारी वाजवणारी माणसंसुद्धा मान खाली घालून उभी राहिली.

शेवटी राजा म्हणाला, "जहागीर नाही, पण घाट तुम्हालाच देतो सरदार. खोऱ्यांत पुन्हा मोटार येईपर्यंत तिथल्या आजाऱ्यांची डोली तुमच्या खांद्यावर."

आणि तसंच झालं. जरीचा अंगरखा उतरवून सरदार डोलीच्या दांड्याखाली लागला. मिस्त्रीला कुणी शिक्षा केली नव्हती, तरी दुसऱ्या बाजूला तो आपणहून लागला. तीन खोऱ्यांना त्यानं सगळं सांगितलं. फक्त पाटलिणीच्या दारात त्याचा धीर झाला नव्हता.

पावसाळ्याच्या तोंडाशी तीच तापानं फणफणली. दोघांनी तिला डोलीत घातलं. निम्मा घाट उतरल्यावर तिनं डोळे उघडले. पुढच्या माणसाचा सोललेला खांदा तिला दिसला, पण तो कोण हे तिला कुठून कळणार!

"दमलास ना रे बाबा?" ती म्हणाली. "आमची गाडी असती तर तुला एवढा त्रास पडला नसता. पण धाकटीसाठी दिली बघ. कशी आहे रे ती? पळते ना?"

सरदाराचे पाय जागच्या जागी थांबले. त्याला ना हो म्हणता आलं, ना नाही. त्या दिवशी घाटात तो पहिल्यांदा मोठ्यानं रडला, आणि म्हातारीला वाटलं, ओझं जड झालं.

मुलांनो आणि मोठ्यांनो, ध्यानात ठेवा: आपलं एकटंच उरावं म्हणून जो दुसऱ्यांचं मोडतो, त्याचं मोडल्यावर जोडायला जगात काहीच उरत नाही.